रंग हा गुण की द्रव्य? खाऱ्या वाऱ्यातलं पोलाद आणि त्यावरचे लेप



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं समुद्रकाठच्या पोलादी पुलांच्या रंगकामावर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. संयोजकांनाही वाटलं होतं. आम्ही त्यांना एवढंच म्हटलं की आमचा विषय एका शब्दानं घातलेला घोळ हा आहे, आणि शब्दांचे घोळ निस्तरणं हेच तर आम्ही जन्मभर करत आलो.

तो शब्द म्हणजे 'रंग'. आपण विचारतो, "पुलाचा रंग कोणता?" उत्तर येतं, राखाडी. आणि आपण विचारतो, "पुलाला रंग कुठला लावला?" याचं उत्तर वेगळं असायला हवं, पण बहुतेक वेळा तेच येतं: राखाडी! पहिल्या प्रश्नातला रंग हा गुण आहे. वैशेषिकांच्या भाषेत सांगायचं तर 'रूप'. ते द्रव्यात समवाय संबंधानं राहतं, म्हणजे त्याच्यापासून वेगळं काढता येत नाही. जास्वंदीचा लाल रंग सोलून बाजूला ठेवता येत नाही. दुसऱ्या प्रश्नातला रंग मात्र डब्यात येतो. त्याला वजन आहे, जाडी आहे, वय आहे. तो स्वतःच एक द्रव्य आहे. पोलादाशी त्याचं नातं समवायाचं नाही, संयोगाचं आहे. आणि संयोगाचं लक्षणच असं की तो तुटू शकतो.

एवढा साधा भेद, पण त्यावर मोठमोठी बांधकामं तरतात किंवा बुडतात. आमच्या किनाऱ्यावरच्या एका जेटीच्या दुरुस्तीबद्दलची सभा आम्ही मागे बसून ऐकली आहे. कठडे निळे असावेत की पांढरे, यावर पाऊण तास चर्चा झाली. लेप किती जाडीचा, त्याखालचं लोखंड कसं साफ करणार, यावर एक वाक्य नाही. आपल्या भाषेत 'रंगरंगोटी' हा शब्द वरवरच्या सजावटीसाठी वापरतात ना, तीच ती वृत्ती. शेवटचं काम, उरलेल्या पैशात करायचं.

आता लोखंडाला होतं काय, ते आधी बघू.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात एक मजेदार युक्तिवाद आहे. प्रत्येक वस्तूला तिचा म्हणून एक रोग असतो, असं सॉक्रेटिस तिथे मांडतो. डोळ्यांचा वेगळा, धान्याचा वेगळा, लाकडाची कूज, लोखंडाचा गंज. आपल्या मराठीनं तर गव्हाच्या रोगाला आणि गंजाला जवळजवळ एकच नाव दिलं आहे: तांबेरा. पण रसायनशास्त्र इथे प्लेटोच्या विरुद्ध बाजूला उभं राहतं. गंज हा लोखंडाचा रोग नाही, ते त्याचं माहेर आहे. लोखंड निसर्गात बहुतेक ऑक्सिजनशी जोडलेलंच सापडतं. कोकणातल्या श्रोत्यांना हे पायाखालीच दिसेल. जांभ्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा आहे, रेडीच्या खाणीतलं खनिजही तेच. आपण भट्टीत प्रचंड उष्णता ओतून ऑक्सिजन हाकलतो आणि धातू मिळवतो. ती धातू पहिल्या दिवसापासून परतीच्या वाटेवर असते. म्हणून गंजावर 'कायमचा इलाज' असं कुणी म्हणालं की सावध व्हावं. प्रश्न फक्त किती उशीर करता येईल, हा असतो.

ही परतीची वाट विजेची आहे. पोलादाच्या पृष्ठभागावर एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाणी व ऑक्सिजन त्यांना घेतात. मंडल पूर्ण व्हायला वरच्या ओलाव्यातून आयनांनी प्रवास करावा लागतो. थोडक्यात, ही एक चिमुकली बॅटरी आहे. धातू, ओलावा आणि ऑक्सिजन एवढं जमलं की ती चालू. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे दोन पट्ट्यांच्या फटीत गंज साचला की तो पाचरीसारखा त्यांना फाकवतो.

मग समुद्रकाठीच इतका त्रास का? पाणी तर नागपुरातही पडतं. उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, बरोबर? हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळतं. शिवाय समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते तर एक तृतीयांश आर्द्रतेतसुद्धा ओलं होतं. म्हणजे आपल्याला हात लावून कोरडी वाटणारी तुळई प्रत्यक्षात मिठाच्या पाण्याचा अतिपातळ थर पांघरून बसलेली असते. पाऊस नको, लाट नको, नुसता खारा वारा पुरतो. मिठानं ते पाणी विजेला चांगली वाट देतं, आणि क्लोराइड धातूवर जमणारा थोडाफार संरक्षक पापुद्राही फोडतो.

यातून एक उलटं वाटणारं सत्य निघतं. पुलाचा जो भाग पावसात धुतला जातो तो पुष्कळदा बरा असतो. आडोशाचा, खालचा, कधीच न धुतला जाणारा भाग जास्त सडतो. कारण तिथे मीठ साचतच जातं. पाहणीला आलेली मंडळी बहुधा पुलावरून चालत जातात. खाली वाकून बघणारा विरळा.

या उपद्रवाची मोजणीही झालेली आहे. आयएसओ १२९४४ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक हवेचे वर्ग पाडतं: सी-१ पासून सी-५ पर्यंत आणि त्याहून कडक असा सीएक्स. उघडं साधं पोलाद पहिल्या वर्षात किती झिजतं, यावर हे वर्ग ठरतात. सी-३ मध्ये २५ ते ५० मायक्रॉन. सी-५ मध्ये ८० ते २०० मायक्रॉन. सीएक्समध्ये, म्हणजे भर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांसारख्या जागी, २०० ते ७०० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरा. पाण्याखाली बुडालेल्या पोलादाचे वर्ग पुन्हा वेगळे. सर्वांत वाईट जागा कोणती, विचाराल तर लाटांचे शिंतोडे उडतात तो पट्टा. तिथे मीठ, पाणी आणि ऑक्सिजन तिघेही भरपूर, आणि वर लाटांचा मारा.

आता लेपाकडे येऊ. आपली समजूत अशी की रंग म्हणजे रेनकोट, पाणी आत येऊ देत नाही. ही समजूत चुकीची आहे! विसाव्या शतकाच्या मध्यात केंब्रिजला मेन नावाच्या संशोधकानं दाखवून दिलं की रंगाच्या पापुद्र्यातून पाणी आणि ऑक्सिजन जेवढे आरपार जातात, तेवढे उघड्या लोखंडाला गंजायला पुरेसे असतात. मग रंग वाचवतो कसा? तो मुख्यतः आयनांना अडवतो. त्या चिमुकल्या बॅटरीच्या मंडलात तो प्रचंड विद्युतरोध घालतो. पाण्याचा रेणू आत आला तरी चालेल, पण विजेचं मंडल पूर्ण होता कामा नये.

हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. लेपाखाली आधीच मीठ राहिलं असेल तर? बाहेरून आलेलं पाणी त्या मिठात शिरतं, आत खारं डबकं तयार होतं, ते आणखी पाणी ओढतं आणि रंगाला फोड येतो. शत्रूला आत घेऊन मग किल्ल्याचा दरवाजा लावण्यासारखं. म्हणून या व्यवसायातले जाणते लोक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: रंग कंपनी कुठली हे नंतर, आधी पृष्ठभाग सांगा.

आमच्या वयाच्या लोकांना हे समजायला अडचण पडू नये, कारण आम्ही कल्हईवाला पाहिला आहे. दारात भाता लावून बसायचा. भांडं आधी वाळूनं घासून घ्यायचा, तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा. आणि मग कापसाच्या बोळ्यानं कथील असं फिरवायचा की क्षणात आतून चांदी. आम्हा मुलांना तो चांदीचा क्षण तेवढा आवडायचा. पण कल्हईवाल्याचा वेळ जायचा घासण्यात. नवसागर तरी कशाला? तापलेल्या तांब्या-पितळेवरचा ऑक्साइड निघून जाण्यासाठी. नाहीतर कथील धरतच नाही. आणि काही महिन्यांनी पुन्हा कल्हई करावी लागणार, यात कुणाला फसवणूक वाटत नसे. आमच्या आजीला मॅट्रिकसुद्धा व्हायला मिळालं नव्हतं, पण लेप हे द्रव्य आहे, झिजणारं आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पोलादाच्या बाबतीत घासण्याचं काम दाबाच्या हवेनं कणांचा मारा करून होतं. पूर्वी त्यासाठी वाळू वापरायचे, म्हणून अजूनही 'सँड ब्लास्टिंग' म्हणतात. वाळूची सिलिका फुप्फुसात जाऊन कामगारांना सिलिकोसिस होतो, म्हणून आता पोलादाचे कण किंवा तांब्याच्या भट्टीतली मळी वापरणं योग्य समजतात. (जिथे अजून वाळूच उडवतात, आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून, तिथे गंजाआधी माणूस झिजतो, हेही सांगून ठेवतो.) किती साफ करायचं याच्या पायऱ्या छायाचित्रांसह ठरलेल्या आहेत. समुद्रकाठच्या कामासाठी बहुधा 'एसए अडीच' मागतात. म्हणजे पृष्ठभागावर जुना रंग, गंज, गिरणीची खपली काही राहता कामा नये. राहिलीच तर डागासारखी पुसट खूण. तारेच्या ब्रशनं घासून हे होत नाही. ब्रशनं गंज चकचकीत होतो, एवढंच!

या माऱ्याचा दुसराही उपयोग आहे. त्यानं पृष्ठभागावर सूक्ष्म डोंगरदऱ्या तयार होतात आणि लेप त्यात घट्ट रुततो. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घेतो, तसंच. पण टाकी लावली म्हणजे मीठ गेलं असं नाही. खड्ड्याखड्ड्यांतून क्लोराइड दडून राहतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पृष्ठभागावर एक छोटी चिकटपट्टी लावतात, तिच्या पोकळीत सुईनं शुद्ध पाणी सोडतात, परत ओढून घेतात आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. पाच-दहा मिनिटांची तपासणी. तिचा आग्रह धरणारा अधिकारी ठेकेदाराला कटकट्या वाटतो. वाटू द्यावा.

साफ केलेलं उघडं पोलाद किनाऱ्यावर काही तासांत पुन्हा लालसर व्हायला लागतं. म्हणून पहिला हात त्याच दिवशी बसायला हवा. आणि पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर न दिसणाऱ्या दवावर रंग बसतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने तर गेलेच. हिवाळ्यात सकाळी दव, म्हणून उशिरा सुरुवात, आणि संध्याकाळ व्हायच्या आत आवरतं घ्यायचं. प्रत्यक्षात हातात किती तास उरतात, बघा. आणि काम कधी चालतं? उद्घाटनाची तारीख ठरलेली असली की रात्रीसुद्धा चालतं.

आता हात कोणते? साधारण तीन. पहिला, अस्तराचा, जस्तभरल्या इपॉक्सीचा. यात सुकलेल्या थराच्या वजनात ८० टक्के किंवा अधिक जस्त असतं. जस्त लोखंडापेक्षा लवकर इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून लेपाला ओरखडा पडला तर आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. ही कल्पना जुनी आहे. हंफ्री डेव्हीनं १८२४ च्या सुमारास जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला जस्त आणि लोखंड वापरून पाहिलं. तांबं वाचलं, पण त्या वाचलेल्या तांब्याचं विष पाण्यात उतरेना, त्यामुळे तळावर कालवं आणि शेवाळ माजलं. असो, तो वेगळा विषय.

दुसरा हात जाड इपॉक्सीचा, आणि त्यात अभ्रकासारखे चपटे लोहकण किंवा काचेच्या चकत्या. कौलं जशी एकावर एक चढवतो तशा त्या आडव्या बसतात. आत येणाऱ्याला वळसे घालत यावं लागतं. तिसरा हात पॉलियुरेथेनचा किंवा पॉलिसिलॉक्सेनचा. इपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढरं पडून भुकटी होतं, म्हणून हे त्याच्यावरचं छत्र. आपण ज्याला पुलाचा रंग म्हणतो, जो निळा की पांढरा यावर सभा होते, तो फक्त या शेवटच्या हाताचा! सी-५ हवेत पंचवीस वर्षांहून अधिक टिकाव हवा असेल तर जस्ताच्या अस्तरासह अशा लेपांची एकूण जाडी ३२० मायक्रॉनच्या घरात धरतात. चार-पाच केस एकावर एक ठेवले तर जेवढे होतील तेवढी. एवढ्याशा जाडीवर सगळा भरवसा.

ही जाडी सपाट भागावर मिळते, पण धारेवर मिळत नाही. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि तिथे पातळ राहतो. नट, बोल्ट, वेल्डिंगचे उंचवटे, कोपरे, सगळीकडे तेच. म्हणून कडा घासून गोल करायच्या आणि अशा जागांना ब्रशनं एक जादा हात आधी द्यायचा. गंज कुठून सुरू होतो ते कुठल्याही किनाऱ्यावरच्या शेडकडे बघा: मधल्या पत्र्यातून नाही, कडेतून आणि बोल्टातून. सुटलेल्या बारीक छिद्रांना या धंद्यात 'हॉलिडे' म्हणतात. खलाशांचा जुना शब्द आहे, डांबर फासताना चुकून सुटलेल्या जागेला. ती शोधायला विजेचं उपकरण फिरवतात. छिद्र आलं की ठिणगी पडते. सुट्टी कुणी घेतली ते लगेच कळतं!

या सगळ्याची थोरली कहाणी स्कॉटलंडमधल्या फोर्थ पुलाची आहे. समुद्राच्या खाडीवरचा हा रेल्वे पूल ४ मार्च १८९० ला उघडला. जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर यांची रचना, सुमारे अडीच किलोमीटर लांबी, पन्नास हजार टनांहून अधिक पोलाद. इंग्रजीत 'फोर्थ पूल रंगवणं' ही कधीच न संपणाऱ्या कामाची म्हण झाली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा रंगवायला आलेलं, अशी समजूत. प्रत्यक्षात तसं सरळ रांगेनं कधी रंगवत नव्हते. जिथे झीज जास्त तिथे आधी, अशी पद्धत होती. पण कायमची माणसं पुलावर होती, हे खरं. त्या जुन्या लेपात काय होतं माहीत आहे? जवसाच्या तेलातला शेंदूर. हो, आपल्या मारुतीला लावतात तोच, शिशाचा ऑक्साइड. गंज रोखण्यात तो पटाईत, पण विषारी.

शतकभर थरावर थर चढत गेले. मग २००२ ते २०११ या काळात त्यांनी निराळा मार्ग घेतला. पुलाचा एकेक भाग तंबूसारखा झाकला, म्हणजे शिशाची धूळ खाडीत जाऊ नये आणि वारा-पाऊस आत येऊ नये. जुने सगळे थर उघड्या पोलादापर्यंत काढले आणि नवा तीन हातांचा लेप दिला, मधला हात काचेच्या चकत्या घातलेल्या इपॉक्सीचा, सुमारे ४०० मायक्रॉनचा. निदान पंचवीस वर्षं टिकेल असा हिशेब. वर्तमानपत्रांनी लिहिलं की आता ती म्हण मेली. आम्हाला ते पटत नाही. पंचवीस वर्षं म्हणजे अनंतकाळ नव्हे, आणि मधल्या काळात ओरखडे, कडा, बोल्ट यांकडे बघावंच लागतं. पण एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली. सर्वांत जास्त वेळ आणि पैसा त्यांनी रंग काढण्यावर आणि तंबूवर घालवला. तेव्हा कुठे रंग लावला.

आपल्याकडे तोडीचं उदाहरण पांबनचं. रामेश्वर बेटाला जोडणारा जुना रेल्वे पूल १९१४ साली सुरू झाला. त्याच किनाऱ्यावर मंडपमला कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेनं गंजाच्या अभ्यासाचं केंद्र ठेवलं, यातच तिथली हवा कशी आहे ते आलं. १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळात पुलाचे गाळे वाहून गेले आणि ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत तो पुन्हा उभा राहिला, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. सांगावीच. पण त्याच्या आधी आणि नंतर शंभरेक वर्षं खाऱ्या वाऱ्यात टांगून गंज खरवडणारी, हात मारणारी जी माणसं होती, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये त्या पुलावरची वाहतूक थांबली. शेजारचा नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. त्याच्या वैशिष्ट्यांत उचलल्या जाणाऱ्या गाळ्याबरोबर पॉलिसिलॉक्सेनच्या लेपाचाही उल्लेख झाला, याचा आम्हाला आनंद वाटला. लेप हा प्रथमच बातमीत आला! आता दहा वर्षांनी त्याच्या खालच्या बाजूची बातमी यायला हवी.

अशा बातम्या आपल्याकडे फार उशिरा येतात. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत. पडण्याची कारणं एकाहून जास्त सांगितली गेली, त्यांच्या वादात आम्ही पडत नाही. पण समुद्राच्या वाऱ्यानं आणि पावसानं नटबोल्ट गंजल्याचं पत्र त्याच्या सहा दिवस आधीच लिहिलं गेलं होतं, हे नोंदीत आहे. बोल्ट, बरं का. पुन्हा बोल्टच.

आणि मुंबईकडे बघा. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूचा सुमारे साडेसोळा किलोमीटर भाग समुद्रावर आहे आणि त्यात मोठमोठे पोलादी गाळे आहेत. किनाऱ्यालगत आणखी बांधकामं होताहेत. बांधायचं कसं, हे आपल्या अभियंत्यांना उत्तम येतं. आमची काळजी निराळी आहे. चांगला लेप आणि वाईट लेप पहिल्या दिवशी हुबेहूब सारखे दिसतात. दोन्ही चकाकतात. फरक कळायला तीन, पाच, सात वर्षं लागतात, तोवर ठेकेदाराची हमी संपलेली, अधिकाऱ्याची बदली झालेली. मग सर्वांत कमी दराच्या निविदेत काटकसर कुठे होणार? जिथे दिसत नाही तिथेच. ३२० मायक्रॉनचे २०० केले तर कुणाच्या डोळ्याला कळणार आहे? अडीचऐवजी ब्रशनं भागवलं तर?

त्या मानकातच एक वाक्यार्थ असा आहे की टिकाऊपणाची वर्षं म्हणजे हमीची वर्षं नव्हेत. ती देखभालीचं नियोजन करण्यासाठी आहेत. आपल्याकडे लोक याचा अर्थ 'पंचवीस वर्षं निश्चिंत' असा घेतात. ती मुदत देखभाल चालू असेल असं धरून सांगितलेली असते.

म्हणून नागरिकांनी, ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी, पत्रकारांनी उद्घाटनाच्या वेळी रंग कोणता विचारण्याऐवजी काही साधे प्रश्न विचारावेत. साफसफाई कुठल्या दर्जाची झाली आणि त्याची छायाचित्रं आहेत का? रंगाआधी मीठ मोजलं का, आकडा काय आला? कोरड्या थराची जाडी किती ठिकाणी मोजली? पुढची पाहणी कोणत्या साली, आणि तिच्यासाठी पैसे कुठल्या शीर्षाखाली? हे विचारायला अभियंता असावं लागत नाही. कागदं असतील तर दाखवायला पाच मिनिटं लागतात.

वेळ झाली. दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न आहे, दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं रंगाशिवाय उभा आहे, मग आपण ती विद्या का वापरत नाही? हा प्रश्न येणार हे आम्हाला ठाऊक होतं! त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक घट्ट संरक्षक थर बनला. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी यावर पुष्कळ काम केलं. पण दिल्लीची हवा वर्षाचा बराच काळ कोरडी आणि खारेपणापासून दूर. तो स्तंभ रत्नागिरीच्या भाट्याच्या किनाऱ्यावर रोवला असता तर आज काय दिसलं असतं, याबद्दल आम्ही पैज लावणार नाही. शिवाय इतक्या फॉस्फरसनं पोलाद ठिसूळ होतं. स्तंभाला चालतं, रेल्वेच्या पुलाला नाही.

दुसरा प्रश्न एका ताईंचा, दापोलीहून. घराच्या ग्रिलला दर वर्षी रंग देतो तरी फुगतो, काय करावं? ताई, दर वर्षी रंग देता म्हणजे दर वर्षी मीठ आत कोंडता. या वेळी दिवाळीनंतर ग्रिल आधी गोड्या पाण्यानं भरपूर धुवा, ब्रशनं घासून. वाळू द्या. सुटलेला रंग आणि गंज खरवडून काढा, पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा धुवा, पुन्हा वाळवा. त्याच दुपारी, ऊन असताना, अस्तराचा हात. वेल्डिंगच्या जोडांना आणि खालच्या कडांना ब्रशनं आधी एक वेगळा हात. वरचा रंग दुसऱ्या दिवशी, आणि तो तुमच्या आवडीचा, कुठलाही चालेल. मग पाऊस संपला की महिन्यातून एकदा नळीनं ग्रिल धुवायची, विशेषतः आडोशाची, आतली बाजू.